दुसऱ्या भागात जमीन कुठे गेली?

प्रवीण तरडे यांचा 'मुळशी पॅटर्न' २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला. तीन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २०२१ रोजी, महेश मांजरेकर यांनी तीच गोष्ट 'अंतिम: द फायनल ट्रुथ' या नावाने हिंदीत आणली. जमीन विकून रिकामा झालेला पाटील आपल्याच जुन्या रानात पहारेकरी म्हणून उभा राहतो, तिथूनही हाकलला जातो. कुटुंब पुण्याच्या मार्केट यार्डात हमाली करायला येते. मुलगा राहुल भांडणातून तुरुंगात, तुरुंगातून टोळीत आणि टोळीतून भाईगिरीत पोहोचतो. पुढे पोलीस, पिस्तूल आणि मरण. हिंदी चित्रपट हा रीमेक, त्याला कुणी दुसरा भाग म्हणत नाही, हे खरे. पण गाजलेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगायला घेतली की दिग्दर्शकापुढे प्रश्न तोच येतो: काय ठेवायचे आणि काय सोडायचे? या दोन चित्रपटांत जे सोडले गेले त्याबद्दल पुण्याने तरी बोलले पाहिजे, कारण सुटलेली वस्तू पुण्याची होती.

मूळ चित्रपटात मारामाऱ्या कमी नव्हत्या. कोयते होते, पाठलाग होते, शिट्ट्या घेणारे संवाद होते. तरीही त्याचा कणा मोहन जोशींचा सखा पाटील हा बाप होता. राहुलचा पहिला राग जगावर नाही, बापावर आहे: तू जमीन का विकलीस? ओम भूतकरने तो राग डोळ्यांत असा काही धरून ठेवला आहे की पुढच्या प्रत्येक गोळीबारात हाच प्रश्न ऐकू येतो. तरडे स्वतः मुळशीचे. पैसा आल्यावर घरात आधी गाडी येते, मग सोने, मग निवडणूक, आणि शेवटी घरातल्या पोराला कामाला जायची लाज वाटू लागते, ही उतरंड त्यांनी जवळून पाहिलेली होती. म्हणून चित्रपटाचा वेग भन्नाट असला तरी त्याचे कारण कधी नजरेआड होत नाही.

'अंतिम'मध्ये बापाची भूमिका सचिन खेडेकरांकडे आहे आणि ती त्यांनी मनापासून केली आहे. आयुष शर्माने राहुलसाठी घेतलेली मेहनतही दिसते. पण हा चित्रपट राहुलचा राहिलेला नाही आणि त्याच्या बापाचाही नाही. तो सलमान खानच्या राजवीर सिंग या पोलीस अधिकाऱ्याचा झाला आहे. मूळ चित्रपटात उपेंद्र लिमयेंचा विठ्ठल कडू होता, इथल्याच मातीतला, समोरच्या पोराची भाषा आणि दुखणे दोन्ही ओळखणारा. हिंदीत त्याच लिमयेंना नन्या भाई केले, जी भूमिका मराठीत खुद्द तरडे यांनी केली होती. लिमयेंनी तीही ताकदीने उभी केली, हा त्यांचा मोठेपणा. पण कडू गेला आणि त्याच्या जागी जो आला त्याचा आकार एवढा की बाकी सगळ्यांना बाजूला सरकावे लागले. चित्रपटाच्या पहिल्या झलकेतच नायक आणि गुंड उघड्या अंगाने एकमेकांवर धावून जाताना दाखवले होते. प्रेक्षकाने कशासाठी यायचे ते तिथेच ठरले. नावातूनही मुळशी गेली.

सलमान खान तिकीट विकतो म्हणून त्याच्यावर राग धरण्यात अर्थ नाही. मला वाईट वाटते ते मांजरेकरांसाठी. 'वास्तव' त्यांचाच, १९९९ चा. जयंत पवारांच्या 'अधांतर' नाटकावरून २०१० मध्ये 'लालबाग परळ' काढणारेही तेच. गिरणी बंद पडली, चाळीतल्या पोरांचे हात रिकामे झाले आणि त्या हातांत हत्यारे आली, ही साखळी त्यांनी पडद्यावर कडी-कडीने दाखवली होती. गिरणगावच्या जमिनीचे काय झाले हे ज्या दिग्दर्शकाला ठाऊक आहे, त्याला मुळशीच्या जमिनीचे महत्त्व ठाऊक नसेल असे कसे म्हणावे? शिवाय ते मूळ मराठी चित्रपटात नट म्हणूनही होते. जमीन पातळ झाली ती नायकाच्या वजनाखाली. आणि योग असा की कृषी कायदे मागे घेण्याची घोषणा १९ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली, म्हणजे 'अंतिम' लागण्याच्या आदल्याच आठवड्यात. वर्षभर दिल्लीच्या वेशीवर शेतकरी जमिनीसाठी बसलेले, पडद्यावर शीख अधिकारी, गोष्ट जमीन गेलेल्या शेतकऱ्याची. एवढी सामग्री हाताशी असताना चित्रपट शेवटी दोन दंडांच्या लढतीवर भिस्त ठेवतो.

असे एकट्या 'अंतिम'चेच झालेले नाही. 'सिंघम' घ्या. २०१० च्या तमिळ 'सिंगम'वरून रोहित शेट्टींनी तो २०११ मध्ये केला, पण त्यासाठी गोवा-महाराष्ट्र सीमेवर शिवगड नावाचे गाव कल्पून त्याला मराठी माणसे दिली. त्यातला सर्वांत जिवंत प्रसंग मारामारीचा नाही. खलनायक जयकांत शिक्रेला जामिनाच्या अटीप्रमाणे शिवगडच्या ठाण्यात हजेरी लावायची असते. तो माणसे पाठवतो, तिथला पोलीस अधिकारी बाजीराव सिंघम त्यालाच यायला लावतो, आणि तो आल्यावर समोर अख्खे गाव उभे असते. त्या क्षणी बाजीरावचा जोर त्याच्या हातात नाही, पाठीमागच्या माणसांत आहे. २०१४ च्या 'सिंघम रिटर्न्स'मध्ये बाजीराव मुंबईत आला, समोर भोंदू बाबा आणि काळा पैसा आला, गाव मागे पडले. २०२४ च्या 'सिंघम अगेन'मध्ये तर तो रामायणाची चौकट घेऊन श्रीलंकेत पोहोचला. गाड्या वाढल्या, नट वाढले, स्फोट वाढले. शिवगडच्या हजेरीइतका ताण मात्र पुन्हा निर्माण झाला नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी एका जाहीर भाषणात 'सिंघम'सारख्या चित्रपटांतून घातक संदेश जातो, कायद्याच्या प्रक्रियेबद्दल लोकांची अधीरता वाढते, असे बजावले होते. मला त्यात एवढीच भर घालायची आहे की पुढचे भाग ही अधीरता आणखी वाढवतात, कारण दरवेळी पोलीस मोठा करायचा म्हणून गुन्ह्याचे कारण लहान केले जाते.

आता हे पडद्यापुरते असते तर त्यावर स्फुट खर्ची घातले नसते. पण पुणे शहरही हीच गोष्ट 'अंतिम'च्या पद्धतीने सांगू लागले आहे. २०२१ च्या फेब्रुवारीत तळोजा कारागृहातून सुटलेल्या गुंड गजा मारणेची मिरवणूक शेकडो गाड्यांच्या ताफ्याने द्रुतगती मार्गावरून निघाली. २०२२ च्या अखेरीपासून कोयता घेऊन फिरणाऱ्या अल्पवयीन पोरांच्या बातम्या रोजच्या झाल्या. ५ जानेवारी २०२४ रोजी कोथरूडच्या सुतारदऱ्यात गुंड शरद मोहोळवर भरदिवसा त्याच्याच बरोबरच्या पोरांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर महिन्याभरात नव्या पोलीस आयुक्तांनी शहरातल्या गुंडांना बोलावून त्यांची परेड घेतली, रील बनवायचे नाहीत अशी तंबी दिली. ती छायाचित्रे घरोघर पाहिली गेली आणि लोकांना बरे वाटले. बरे वाटणे स्वाभाविक आहे. मोक्का, तडीपारी, एमपीडीए ही पोलिसांची हत्यारे आहेत आणि ती त्यांनी वापरलीच पाहिजेत. पण मोहोळ खुनाच्या तपासात पोलिसांनी प्रथमदर्शनी सांगितलेले कारण काय होते? जमीन आणि पैशांचा जुना वाद. परेडच्या बातमीखाली ते वाक्य दबून गेले.

जमिनीतून गुंड कसा उगवतो ते शहरातल्या वाचकाने एकदा नीट समजून घ्यावे. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, आणि एक गुंठा १०८९ चौरस फूट. भाताच्या खाचराचा भाव एकरात सांगतात. शहर जवळ आले की तोच भाव गुंठ्यात सांगितला जातो आणि त्या दिवशी गावचे गणित बदलते. तुकडेबंदी कायदा १९४७ चा आहे, पण त्याला वळसा घालून साठेखतावर आणि कुलमुखत्यारपत्रावर गुंठे विकले गेले. एकाच रानावर दोघा-तिघांचा इसार. सातबाऱ्यावर भावांची नावे सामाईक, वाटणी तोंडी, फेरफार अडकलेला. एक भाऊ विकतो, दुसरा नाही म्हणतो, तिसरा दोन्हीकडून पैसे घेतो. घेणारा मोठा असतो आणि त्याला कोर्टाची वीस वर्षे नको असतात. तो ठाण्यात जातो तर 'वाद दिवाणी स्वरूपाचा आहे' असे उत्तर मिळते. मग 'ताबा' घ्यायला पोरे लागतात. रात्रीत तारेचे कुंपण पडते, पत्र्याची खोली उभी राहते, दारात चार गाड्या आणि दहा पोरे बसतात. ही पोरे कुठून येतात? शेजारच्याच गावातून, जिथली जमीन पाच वर्षांपूर्वी अशीच गेली आणि पैसा संपला. 'गुंठामंत्री' म्हणून ज्याची थट्टा झाली त्याचाच धाकटा भाऊ किंवा मुलगा त्या गाडीत असतो. ताब्याच्या कामातून नाव झाले की पुढे पाण्याचे टँकर, मुरूम, कंपन्यांचे भंगार, माल उतरवण्याचे ठेके. चाकण आणि रांजणगावचे उद्योजक ज्या खंडणीची तक्रार करतात, तिच्या मागे हाच रस्ता आहे, आणि कष्टकऱ्यांसाठी १९६९ मध्ये झालेल्या माथाडी कायद्याचे नाव तिथे दमदाटीसाठी वापरले जाते, ही फार दुःखाची गोष्ट आहे. ज्या शहरात डॉ. बाबा आढावांनी हमाल पंचायत उभी केली आणि पाठीवर पोते वाहणाऱ्याला मान मिळवून दिला, त्या शहराच्या दोन्ही चित्रपटांत मार्केट यार्डाची हमाली फक्त अधोगतीची पायरी म्हणून येते. तरड्यांकडूनही इथे चूक झाली आहे, असे माझे मत आहे.

त्यांची दुसरी चूक अधिक गंभीर. गुंडगिरीचा शेवट वाईट, हे सांगण्यासाठी त्यांनी चित्रपट काढला आणि तो प्रामाणिकपणे सांगितलाही. पण मधल्या तासाभरात भाईचा रुबाब, गाड्या, ढोलाचा ठेका आणि गाणे इतके जोरकस झाले की शेवट विसरून तेवढेच पोरांनी उचलले. मिरवणुकीत वाजले ते गाणे, बापाचे रडणे नव्हे. गुन्हेगारीपटाचा हा जुना धोका आहे आणि 'वास्तव'ही त्यातून सुटला नव्हता. तरी मूळ चित्रपटात निदान बापाचे रडणे होते. ते शोधायचे तर सापडत होते.

आणि मुळशीच्या जमिनीची गोष्ट २०१८ मध्ये सुरू झालेली नाही. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायचे ठरले तेव्हा १९२१ मध्ये मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती झाले, विनायकराव भुस्कुटे त्यांच्या बरोबरीने लढले. तीन वर्षे बायाबापड्यांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला. धरण झालेच. पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजकेंद्रात गेले, वीज मुंबईला गेली. त्याच तालुक्यात पुढे हिंजवडी, माण, मारुंजीच्या शिवारांत माहिती तंत्रज्ञानाचे कारखाने उभे राहिले. मोसे खोऱ्यात लवासा आले आणि नोव्हेंबर २०१० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने त्याचे काम थांबवले. शंभर वर्षांत घेणारा बदलत गेला, देणारा तोच राहिला. हा पट एवढा मोठा आहे की त्यावर तीन भाग सहज निघावेत. त्यासाठी नायकाला श्रीलंकेत पाठवावे लागणार नाही.

जमीन गेली म्हणजे पोरगा भाई होणारच, असाही नियम नाही, आणि त्याचा पुरावा याच शहरात आहे. हडपसरच्या मगरपट्ट्यात सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी आपली सुमारे ४०० एकर जमीन एकेकट्याने न विकता एकत्र केली, कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात तिचे भागधारक झाले. सतीश मगर यांनी त्याचे नेतृत्व केले. ज्याच्या रानात इमारत उभी राहिली तो तिच्या दारात पहारेकरी झाला नाही, तिच्या भाड्यात त्याचा वाटा राहिला. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीत हाच मार्ग वापरला गेला. सगळीकडे हे जमेल असे नाही. त्यासाठी भाऊबंदकी बाजूला ठेवावी लागते, कागद स्वच्छ लागतात आणि पुढे उभा राहणारा माणूस भरवशाचा लागतो. पण राहुलच्या बापापुढे आणखी एक दार होते, हे तरुणांना कळायला हवे. चित्रपटाने ते दाखवावे असा माझा आग्रह नाही. राज्यकर्त्यांनी मात्र ते विसरू नये. पुरंदरच्या विमानतळासाठी कुंभारवळण, वनपुरी, पारगाव, खानवडीसह सात गावांची जमीन जाते आहे. मे २०२५ मध्ये तिथे मोजणीला आलेल्या यंत्रणेशी गावकऱ्यांची झटापट झाली. वर्तुळाकार रस्त्यासाठी तर कितीतरी गावांतून भूसंपादन चालू आहे. मोबदला खात्यावर जमा होईल त्या दिवशी त्या गावांत गाड्यांचे विक्रेते आधी पोहोचणार, की पैशाची नीट मांडणी सांगणारा आणि पोरांना काम दाखवणारा कुणी सरकारी माणूस? पुण्याचे पुढचे पोलीस आयुक्त कुणाची परेड घेतील ते बऱ्याच अंशी यावर ठरेल.

तरड्यांनी कधी 'मुळशी पॅटर्न'चा दुसरा भाग काढायला घेतलाच, तर राहुलच्या टोळीतल्या उरलेल्या पोरांच्या सूडावर तो काढू नये. तो मोह होईल, पैसे लावणारेही तेच मागतील. मूळ चित्रपटाने एक माणूस पूर्ण सोडून दिला आहे: घरातली मुलगी. जमिनीच्या व्यवहारात तिची सही लागते. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात तो जन्मापासूनचा असल्याचे स्पष्ट केले. तरीही गुंठ्याचा भाव कोटीत गेला की सासरहून बहिणीला गाडी पाठवून आणतात, पौडच्या दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर अंगठा घेतात, साडी-चोळी देतात आणि संध्याकाळी परत पोहोचवतात. ती नाही म्हणाली तर माहेर तुटते. ती सही करते म्हणून व्यवहार होतो, व्यवहार होतो म्हणून पैसा येतो, आणि त्या पैशाने बिघडलेला भाऊ मेला की रडायला तिलाच बोलावतात. तिने एकदा 'सही करणार नाही' म्हटले तर त्या घरात, त्या गावात आणि तो सौदा ठरवणाऱ्या मंडळींत काय काय होईल? थरार पाहिजे असेल तर तो तिथे आहे, आणि कोयता दाखवायचाच असेल तर तो कुणाच्या दारात येतो तेही तिथेच दिसेल. सलमान खानला त्यात काम नाही. सासरहून माहेरी येणारी ती गाडी पौडला वळते, तिथून चित्रपट सुरू करावा.